शनिवारची सूचना

शनिवारी सकाळची शाळा सुटली की
मी पायरीवर बसून सूचना लिहिते.
वर तारीख, खाली 'पालकांना कळविण्यात येते की',
आणि या 'की'पाशी दर आठवड्याला थोडी अडते,
कारण पालक म्हणजे कोण,
हे आमच्या गावात जरा लांबचं काम आहे.

बेचाळीस पोरं. त्यांतल्या एकतीस जणांचे वडील गलाईला.
सेलम, कोची, कानपूर, अमृतसर,
एकजण तर थेट आसामात, तिनसुकियाला.
परक्याच्या सोन्याची मूस भट्टीत ठेवून
मोकळ्या अंगठ्यानं माझी सूचना वर सरकवतात.
वर्गातल्या नकाशाला टाचण्यांनी भोकं पडलीत,
विट्याजवळचा कागद तेवढा अजून धड आहे.

लिहिते:
सोमवारपासून पहिल्या सत्राची परीक्षा. पॅड आणि दोन पेन्सिली.
खोडरबर दोघांत एक चालणार नाही, भांडणं होतात.
ऑक्टोबरचं ऊन आहे, पाण्याची बाटली घरूनच भरून द्या,
'शाळेत भर' म्हणून रिकामी पाठवू नका,
शाळेची टाकी बुधवारपासून तळ दाखवतेय.
केसांत उवा. नावं लिहीत नाही.
ज्यांच्या घरची गोष्ट आहे त्यांना ती ठाऊक आहे.

पालकसभा शुक्रवारी चार वाजता, असं लिहिलं
आणि खोडलं.
चारला बायका द्राक्षाच्या छाटणीवरनं आलेल्या नसतात.
साडेसहा केलं. साडेसहाला चुली पेटतात.
शेवटी 'जमेल तेव्हा या, मी शाळेतच असते' असं लिहिलं,
जे खोटं आहे.
पाच-वीसची एसटी गेली तर पुढची नाही.

सापडलेल्या वस्तू: डब्याचं एक झाकण,
डाव्या पायाची चप्पल,
आपट्याच्या पानांनी भरलेला मोजा.
दसरा होऊन आठ दिवस झाले.
पानं कुणी, कुणाला द्यायला जपली होती,
त्याने येऊन घेऊन जावीत.
वाळली असली तरी चालतील.

उर्वी देवकर, इयत्ता दुसरी, अजून घरी गेलेली नाही.
हौसाक्का खिचडीचं पातेलं घासतायत त्यांच्याजवळ घुटमळून
आता माझ्या मागं उभी राहून वाचतेय. "उ... वा."
मग विचारते, "बाई, ही समद्यास्नी जाती व्हय?"
"सगळ्यांना."
"सेलमला पण?"
"सेलमला आपल्याआधी पोचते, तिकडं नेट बरं आहे."
ती विचार करते. वरचा ओठ बोटानं उचलून दाखवते.
पुढचा दात. काल रात्री, शेंगा फोडताना.
"मग लिवा की त्यात."

मी सांगणार होते, सूचना सगळ्यांची असते,
एकीच्या दाताची नसते,
गटात केंद्रप्रमुख आहेत, त्यांचं काय.
पण कागदाच्या खाली जागा होती.

'उर्वी देवकर हिचा पुढचा दात पडला आहे.
दात सुखरूप आहे.'

रात्री अंगठे आले, नेहमीचे.
परीक्षेचं कुणी काही विचारलं नाही.
कोचीहून: 'आमच्या यशोधनचा हालतोय का?'
कानपूरहून: 'आमच्या दोघींचे किती राहिले?'
तिनसुकियाहून भट्टीच्या घरघरीत कुणीतरी
नुसतंच हसलं, सात सेकंद.
केंद्रप्रमुखांनी हात जोडले,
ते सगळ्यालाच जोडतात.
सेलमहून काही नाही. नुसत्या निळ्या खुणा.
पावणेबाराला एक ओळ आली:
'छपरावर टाकू नगा. मी येतोय तवर ऱ्हाऊ द्या.'

सोमवारी भाषेचा पेपर.
उर्वीनं दात आणला, काडेपेटीत, कापसावर,
पॅडशेजारी ठेवला आणि उत्तरं लिहायला लागली.
मी दोनदा तिच्या बाकावरून गेले.
परीक्षेच्या नियमांत काडेपेटीबद्दल काही नाही.

मोजा कुणीतरी नेला.
चप्पल अजून तशीच आहे.